तीन वर्षांत एक फोटो

लंडनची फोटोग्राफर मादाम इव्हॉन्ड हिच्याबद्दल वाचताना एका तपशिलापाशी हटकून अडखळायला होतं. १९११ साली ही मुलगी, तेव्हाची नुसती इव्हॉन्ड कंबर्स, लॅली चार्ल्सच्या स्टुडिओत उमेदवारीला लागली. लॅली चार्ल्स म्हणजे त्या काळातलं लंडनमधलं मोठं नाव. नट्या, उमरावांच्या बायका, लग्न ठरलेल्या मुली, साऱ्यांना फोटो हवा तो तिच्याच हातचा. तिथे तीन वर्षं काढून इव्हॉन्ड बाहेर पडली आणि वडिलांनी दिलेल्या २५० पौंडांवर १९१४ मध्ये तिने व्हिक्टोरिया स्ट्रीटवर स्वतःची पाटी लावली. वय एकवीस. आणि या सबंध उमेदवारीत तिने स्वतः काढलेला फोटो होता एक. एकच.

मग तीन वर्षं ती करत काय होती?

राबवून घेतली असेल बिचारीला, हे पटकन सुचणारं उत्तर. त्यात तथ्य नाही असं नाही; उमेदवार म्हणजे त्या काळी पदरचे पैसे भरून राबायला येणारं माणूस. पण तेव्हाचा स्टुडिओ आतून कसा चालायचा ते नीट पाहिलं की त्या एका फोटोचं नवल कमी होत जातं. कॅमेऱ्यापुढचं काम सगळ्यात थोडं. गिऱ्हाईक येणार, उत्तरेच्या उजेडात काचेच्या छपराखाली बसणार, पडदे पुढे-मागे सरकणार, मालकीण कॅमेऱ्याची झडप उघडणारा रबरी फुगा दाबणार, दोन-तीन सेकंद, झालं. एका बैठकीत अशा चार-सहा काचा, म्हणजे काचेच्या निगेटिव्ह प्लेटा. त्यानंतर त्या काचांवर जे काही व्हायचं ते दिवसच्या दिवस चालायचं. गिऱ्हाइकाच्या हाती शेवटी जो फोटो पडायचा, त्यात त्या फुग्याचा वाटा किती आणि मागच्या खोलीचा किती, हे सांगणं अवघड आहे.

मुळात प्लेटच लबाड. जिलेटिनच्या साध्या सुक्या प्लेटला निळा रंग नको तितका दिसतो आणि तांबडा जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे निळे डोळे पांढुरके, भकास उतरतात, सोनेरी केस काळपट होतात, आणि गोऱ्या कातडीवरचा प्रत्येक तांबूस डाग, पुटकुळी, नाकावरची लाली, समोर बसलेल्या माणसाला जाणवतही नाही ती फोटोत काळी होऊन येते. सगळे रंग पाहणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा रॅटन अँड वेनराइट कंपनीने १९०६ साली बाजारात आणल्या, पण त्या धुवायच्या मिट्ट काळोखात. लाल दिवासुद्धा चालत नाही. लाल दिव्याखाली चित्र उमटताना बघत बघत डेव्हलप करायची ज्यांची सवय, त्या स्टुडिओवाल्यांनी नाकं मुरडली. प्लेटने चेहऱ्यावर केलेला अन्याय पेन्सिलीने निस्तरायचा, हाच धंद्याचा रिवाज राहिला. रिटचिंग म्हणजे खोटेपणा असं आपण सर्रास म्हणतो. पुढे तो झालाच. पण सुरुवात प्लेटचा खोटेपणा झाकण्यापासून होती, एवढं तरी कबूल करायला हवं.

रिटचिंगचं डेस्क खिडकीशी मांडलेलं असे. खाली आडव्या फळीवर आरसा. तिच्यावर तिरपी चौकट, चौकटीला मधोमध खिडकी आणि खिडकीवर निगेटिव्हची काच, इमल्शनची, म्हणजे चित्र उमटलेल्या जिलेटिनच्या थराची बाजू वर. डोक्याशी छज्ज्यासारखी एक फळी आणि दोन्ही बाजूंनी काळं कापड, म्हणजे वरचा उजेड डोळ्यांवर यायला नको. आरशावरून उसळलेला उजेड खालून काचेतून वर येतो आणि चेहरा उलटा दिसतो. कातडी काळी, काळे केस पांढरे, सुरकुत्या म्हणजे पारदर्शक चिरा. त्या चिरा शिशाने भरायच्या. काचेवर जिथे भर पडते तिथे कागदावर उजळतं. आता जिलेटिनचा पृष्ठभाग गुळगुळीत, त्यावर पेन्सिल नुसती घसरते. म्हणून आधी मीडियम लावायचं, म्हणजे टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेली राळ. फलालीनच्या चिंधीवर एक थेंब घ्यायचा, चेहऱ्याच्या जागी गोल गोल चोळायचा, कडेची रेघ नाहीशी होईपर्यंत, आणि सुकू द्यायचा. पेन्सिल कडक, एचपासून चार एचपर्यंत. लाकूड इंचभर सोलून उघडं शिसं पॉलिश पेपरवर फिरवत फिरवत सुईइतकं टोकदार करायचं. दाब असा द्यायचाच नाही, पेन्सिलीचं स्वतःचं वजन पुरतं. कुणी ठिपके देई, कुणी स्वल्पविरामासारखे बारीक फटके, कुणी केसाएवढी वेटोळी. ज्याचं त्याचं वळण. भरलेली जागा आजूबाजूच्या कातडीइतकी घट्ट झाली की थांबायचं.

थांबणंच जमत नाही. मीडियम जास्त झालं तर चिकटा राहतो, धूळ धरतो आणि छापताना कागद काचेला चिकटून बसतो. कमी पडलं तर शिसं बसत नाही, मग नवशिकी मुलगी वैतागून दाब देते, टोक जिलेटिनमध्ये रुततं आणि त्या ओरखड्याची कागदावर काळी रेघ होते. सुरकुती गरजेपेक्षा घट्ट भरली तर तिथे पांढरा व्रण. फार बिघडलं तर टर्पेंटाइनने सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून सुरू. हे सगळं हाताला शिकवता येतं. कठीण आहे ती नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी. ती पुरती भरली की गालाखालचं हाड जातं आणि चेहरा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा होतो. तीच घडी वरच्या टोकाशी तशीच ठेवून खालच्या टोकाशी जरा हलकी केली, तर बाई दहा वर्षांनी लहान दिसते आणि तीच बाई दिसते. चाकूचं कामही असे. पांढऱ्या पोशाखातल्या बाईची कंबर काळसर पडद्यापुढे बारीक करायची तर निगेटिव्हवर कमरेच्या दोन्ही कडा पात्याने हलकेच खरवडायच्या. तेवढा पोशाख छापल्यावर काळा होऊन पडद्यात विरतो. राजा सातव्या एडवर्डच्या काळातल्या त्या अशक्य कमरांचं श्रेय कॉर्सेटला जितकं दिलं जातं, त्यातलं बरंचसं त्या पात्याचं आहे.

असं रोज सात-आठ तास करणाऱ्या मुलीच्या नजरेत काय काय साठत असेल? उजेड डोक्यावरून पडला की डोळ्यांच्या खोबणी खोल जातात, आणि त्या भरायला तास मोडतो, हे तिची मान आणि डोळे सांगतात. हनुवटी बोटभर वर असती तर गळ्याच्या तीन घड्या वाचल्या असत्या. अमक्या पडद्यापुढे पिकले केस हरवतात. मालकिणीने फुगा दाबण्यापूर्वी काय चुकलं ते त्या काचेवर लिहिलेलं असतं, आणि ते निस्तरणारीला ते पाठ होतं. पुढे कधी ती स्वतः कॅमेऱ्यामागे उभी राहिली की पडदा कुठवर ओढायचा हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. एक फोटो काढून स्टुडिओ थाटणं हे धाडस होतं खरं, पण आपण समजतो तितकं नव्हे.

या मागच्या खोल्यांत बायका का होत्या, याचं त्या काळी ठरलेलं उत्तर म्हणजे नाजूक बोटं आणि उपजत चिकाटी. खरं कारण पगारात होतं. तेच काम बाई कमी पैशांत करी. रिटचिंग, छापलेल्या फोटोंवरचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने भरणं, रंगवणं, पुठ्ठ्यावर चिकटवणं, हे सगळं बऱ्याच ठिकाणी बायकांकडे, आणि दारावरची पाटी पुरुषाची. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर लंडनमध्ये काही पाट्या बदलल्या, इतकंच. अ‍ॅलिस ह्यूजने १८९१ साली गॉवर स्ट्रीटवर, चित्रकार वडिलांच्या शेजारी, स्टुडिओ काढला. ऐन भरात तिच्याकडे साठेक बायका कामाला होत्या आणि दिवसाला पंधरापर्यंत बैठका होत. पंधरा बैठका म्हणजे प्रत्येकी पाच काचा धरल्या तरी पाऊणशे निगेटिव्ह रोज. साठ बायका कशाला लागत होत्या ते मग आपोआप कळतं.

ह्यूज फोटो काढायची ते बायकांचे आणि मुलांचे, पुरुषांचे नाही. याला पुष्कळांनी सोवळेपणाचं लेबल लावलं. मला त्यात पक्का व्यापारी हिशेब दिसतो. दरबारी पोशाखातल्या बाईला बदलायला खोली लागते, झगा नीट पसरायला दोन माणसं लागतात, पाठीवरचं बटण लावणारं कुणी लागतं, आणि हे सगळं बायकांतच होणार असेल तर ती खुशीने जादा पैसे मोजते. तिचे प्रिंट प्लॅटिनमचे, म्हणजे प्लॅटिनम आणि लोहाचे क्षार लावलेल्या कागदावरचे, महागातले. तो कागद कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या बंद डब्यात ठेवावा लागे, कारण ओल लागली की पांढरे भाग मळकट होतात. उन्हात छापताना चित्र जेमतेम, फिकट दिसू लागलं की काढायचं. उरलेलं पोटॅशियम ऑक्झलेटच्या द्रावणात क्षणात उठतं. मग पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या तीन बशा, एकीतून दुसरीत. तिसरीतलं पाणी स्वच्छ राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर कागदात लोह उरलं असं समजायचं, आणि उरलेलं लोह पुढे पिवळं पडतं. लंडनच्या नोव्हेंबरात धुकं बसलं की छपाईच्या चौकटी गच्चीवर नुसत्या पडून, आणि गिऱ्हाइकांचे निरोपावर निरोप. पुढे महायुद्धात प्लॅटिनम लष्कराकडे वळलं आणि तो मऊ राखाडी प्रिंट बहुतेक स्टुडिओंतून गेलाच.

इव्हॉन्डची सुरुवात मात्र निराळी. तिने नावाजलेल्या लोकांना बोलावून त्यांचे फोटो फुकट काढले. वरवर पाहता हा नवख्या दुकानदाराचा नुकसानीचा सौदा. पण १९११ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यात मेख होती: पैसे देऊन फोटो काढून घेतला तर हक्क पैसे देणाऱ्याचा, तसं नसेल तर फोटोग्राफरचा. म्हणजे फुकट काढलेला फोटो तिच्या मालकीचा, आणि तो सचित्र साप्ताहिकांना विकून मिळणारे पैसेही तिचेच, वर छापलेल्या फोटोखाली नाव. फोटो छापून आला की त्या नटीच्या मैत्रिणी पैसे देऊन येणार. लॅली चार्ल्सच्या घरात तीन वर्षं बसून तिने पेन्सिलीपेक्षाही हे जास्त बारकाईने टिपलं असावं.

तिला या धंद्याची ओढ लागली तीही मतदानाच्या हक्कासाठी भांडणाऱ्या बायकांच्या चळवळीतून. त्या चळवळीतल्या पुढाऱ्यांचे फोटो काढणारी लीना कॉनेल सेंट जॉन्स वूडमध्ये स्टुडिओ चालवत होती, हाताखाली सगळ्या बायका. तिने काढलेल्या छबींची पोस्टकार्डं चळवळीच्या दुकानांतून विकली जात. शांत, थेट बघणारे चेहरे, मागे साधा पडदा. वर्तमानपत्रांतून याच बायका आरडाओरडा करताना, पोलिसांच्या हातात लोंबकळताना दिसत; शेजारी ही पोस्टकार्डं ठेवली की वजनदार उत्तर होई. आणि रिटचिंग तर सरकारलाही येत होतं. १९१३ मध्ये मँचेस्टरच्या आर्ट गॅलरीत चित्रांच्या काचा फोडल्याबद्दल पकडलेल्या एव्हलिन मॅनेस्टाने तुरुंगात फोटोला तोंड द्यायचं नाकारलं. तेव्हा मागून तिच्या गळ्याभोवती हात आवळून तिला कॅमेऱ्यापुढे धरलं. ओळख पटवण्यासाठी पुढे जो फोटो वाटला गेला त्यात तो हात नाही. त्या जागी गळपट्ट्यासारखं काहीतरी आहे. दोन्ही छबी उपलब्ध आहेत आणि शेजारी ठेवून पाहिल्या की गळपट्ट्याचं काम बऱ्यापैकी सफाईचं आहे, हे नाइलाजाने म्हणावं लागतं.

लंडनमध्ये मागची खोली बायकांची, व्हिएन्नात याच्या बरोबर उलटा प्रकार. डोरा कालमुस, पुढची मादाम दोरा, हिला १९०५ मध्ये तिथल्या छपाई-फोटोग्राफीच्या सरकारी संस्थेत व्याख्यानांना बसायची परवानगी मिळाली. मुलींना प्रत्यक्ष कामाला हात लावू द्यायची त्यांची तयारी नव्हती. रसायनं फळ्यावर शिका, बशीत नको. ती बर्लिनला निकोला पेर्शाइडच्या स्टुडिओत काही महिने राहिली आणि तिथला साहाय्यक आर्थर बेंडा यालाच घेऊन परतली. १९०७ मध्ये स्टुडिओ उघडला. कॅमेरा, काचा, रसायनं बेंडाकडे. समोरच्या माणसाला बोलतं करणं, मान कुठे वळवायची, शाल कुठून सोडायची, कोणती छबी ठेवायची, हे तिच्याकडे. मग फोटो कुणाचा? दारावर नाव तिचं होतं आणि ते योग्यच होतं असं मला वाटतं. पण हा न्याय लावायचा तर पुरुषांच्या स्टुडिओतल्या मागच्या खोलीलाही लावावा लागेल, आणि तिथे नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

आपल्याकडे ही मागची खोली आणखी वेगळ्या कारणाने महत्त्वाची. फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत जनानी स्टुडिओ काढला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात. भोवती उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव, फोटो काढणारी मिसेस केनी-लेव्हिक आणि हाताखाली इथल्याच बायका. पडद्यातल्या घराण्यांची अडचण बाईने कॅमेरा धरला एवढ्याने सुटत नाही. काच धुणार कोण? रिटचिंगला ती कुणाच्या डेस्कवर चढणार, आणि दिवसभर त्या बेगमेचा चेहरा कोण निरखत बसणार? जास्तीचा प्रिंट कुणाच्या खिशात जाणार? घराण्याची खरी भीती ही. कलकत्त्याच्या अन्नपूर्णा दत्त यांना बड्या मुसलमान घरांतल्या जनान्यात बोलावणं येई, त्याचं मोठं कारण मला इथे दिसतं. नवऱ्याकडून शिकलेल्या अन्नपूर्णाबाई काच धुण्यापासून छापण्यापर्यंत सगळं स्वतः करत. सोपवलेला चेहरा त्यांच्या हातून बाहेर जात नसे. कलकत्त्याच्या उन्हाळ्यात हे सोपं नाही. डेव्हलपरचं पाणी तीस अंशांपुढे गेलं की जिलेटिन फुगतं, कडांना चुण्या पडतात आणि सबंध पापुद्रा काचेवरून सुटून बशीत तरंगू लागतो. उपाय म्हणजे बशीखाली बर्फ, तुरटीच्या पाण्याची बुडी, आणि काम करायचं ते पहाटे. वेणीफणी करून दोन तास बसलेल्या जनान्याला ‘पुन्हा बसा’ म्हणून सांगायची सोय नसते.

१९२१ साली इव्हॉन्डने इंग्लंडच्या व्यावसायिक फोटोग्राफरांच्या संघटनेपुढे व्याख्यान दिलं, बाईच्या नजरेतून पोर्ट्रेट या विषयावर. पोर्ट्रेटला बायकाच अधिक लायक, असा तिचा रोख. भरलेल्या सभेत ते ऐकवायला मजा आली असेल. तरी मला ते युक्तिवाद थोडे लंगडे वाटतात. बाईला उपजत समज असते, हे पुन्हा नाजूक बोटांचंच गाणं. स्वतःच्या तीन वर्षांचा दाखला यापेक्षा भक्कम होता. पुढे तिसाव्या दशकात ती रंगीत फोटोंकडे वळली आणि तीन वेगळ्या निगेटिव्हांवरून तीन रंगांचे थर एकमेकांवर बसवणाऱ्या व्हायव्हेक्स पद्धतीत तिने जे केलं ते कुणाच्या बापाला जमलं नसतं. तो वेगळा विषय आहे.

ह्यूजने १९१० मध्ये लंडनमधला धंदा आवरला तेव्हा ५०,००० निगेटिव्ह दुसऱ्या एका स्टुडिओला विकले. सगळ्या साडेसहा बाय साडेआठ इंची फुल प्लेट धरल्या तर हा सात-आठ टन काचेचा ढीग होतो. अशा ढिगांना जागा पुरत नाही आणि भाडं परवडत नाही, म्हणून जगभर अशा काचा सोड्याच्या गरम पाण्यात घालून, पापुद्रा सोडवून, साध्या काचेच्या भावाने गेल्या. आपल्या गावोगावच्या बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यांवर अजूनही थोड्या उरलेल्या असतात. अशी एखादी हाती लागली तर तिच्यातून आरपार बघू नका. खिडकीशी जवळजवळ आडवी धरा, उजेड बाजूने पडू द्या. चेहऱ्याच्या जागी राळेचा एक फिकट गोल चकाकेल आणि त्यात गालांवर, डोळ्यांखाली, कपाळावर शिशाचे राखाडी फटके उठून दिसतील. हात बदलला की वळण बदलतं, तेही ओळखू येतं. आणि ती काच पुसायचा मोह होईलच. पुसायचीच असेल तर जिलेटिनचा थर नसलेली, नुसत्या काचेची बाजू पुसा. दुसऱ्या बाजूला ओला फडका लागला तर फोटोच धोक्यात, आणि टर्पेंटाइन लागलं तर फोटो राहील, पण पेन्सिल जाईल.